वस्तादांची वाटी, सूनबाईंचा दात

भोंगेकाकांचं आडनाव भोंगे नाही, पण हे आता गल्लीत कुणाला पटवून देण्यात अर्थ राहिलेला नाही. ट्रम्पेट वाजवणारा माणूस म्हणून आधी पोरांनी मागून 'भोंगा' म्हटलं, मग पोरांच्या आयांनी अदब म्हणून त्याचं 'भोंगेकाका' केलं, आणि पुढं एका लग्नाची छापील पत्रिकाच 'श्री. व सौ. भोंगे' अशी दारात आली. काकू धुमसल्या. काका म्हणाले, जेवायलाच बोलावलंय ना, आडनावाला कोण वाढणार आहे. मग दोघं भोंगे म्हणून गेले, भोंगे म्हणून जेवले आणि भोंगे म्हणूनच फोटोत उभे राहिले. त्या फोटोत काकांचं तोंड मिटलेलं आहे. तोवरच्या सगळ्याच फोटोंत ते मिटलेलं आहे.

त्याला कारण वरचा पुढचा दात. शाळेत रांगेत उभं राहायला सांगितलं की एखादं कार्टं हमखास एक पाऊल पुढं येऊन उभं राहतं, तसा तो दात. लहानपणी त्यावरून इतकं चिडवून झालं होतं की हसू आलं की काकांचा हात आपोआप तोंडावर जायचा. मुलगी बघायला आले तेव्हाही गेला. मुलगा लाजाळू आहे असं समजून काकूंनी होकार दिला, आणि लग्नानंतर ट्रम्पेट ऐकून त्यांचा तो गैरसमज दूर झाला.

काकांची नोकरी पाणीपुरवठा खात्यात होती. काम गळती शोधायचं. रस्त्याखाली नळ कुठं फुटलाय हे वरून दिसत नाही, म्हणून काका एक लांब लोखंडी गज रस्त्यावर टेकवायचे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कान लावायचे. सगळी गल्ली दात घासत असताना हा माणूस भर चौकात वाकून जमिनीशी बोलताना दिसायचा. नव्या लोकांना शंका यायची, जुने लोक स्कूटर वळवून पुढं जायचे. मग काका खडूनं फुली मारायचे, खणणारे तिथं खणायचे, आणि बहुतेक वेळा पाणी तिथंच निघायचं. चुकलं तर दोन्ही बाजूंचे दुकानदार काकांना आठवडाभर चहाला बोलवत नसत.

ट्रम्पेट मात्र नोकरीच्या आधीपासून. नगरपालिकेचा एक बँड होता, अजूनही आहे, दर रविवारी संध्याकाळी बागेत वाजवतो. त्यात पूर्वी एक वस्ताद होते. त्यांनी काकांना शिकवलं, म्हणजे मुख्यतः शिव्या दिल्या, आणि स्वतःचे दात पडायला लागले तसा एक दिवस आपल्या ट्रम्पेटचा माउथपीस काढून काकांच्या हातात ठेवला. माउथपीस म्हणजे ट्रम्पेटचं तोंड, मुठीत मावेल एवढा पितळी तुकडा. बँडवाल्यांनी त्याच्या भागांना घरगुती नावं ठेवली आहेत. ओठ टेकतात ती कड. कडेच्या आत वाटी. वाटीच्या बुडाशी बारीक भोक असतं तो घसा, आणि ट्रम्पेटमध्ये खुपसायची ती दांडी. वस्ताद म्हणाले, ही वाटी जपून ठेव, असली वाटी आता कुणी खोदत नाही. काकांनी ती जपली. ट्रम्पेट दोनदा बदलला, माउथपीस तोच राहिला, आणि बँडमधली पहिल्या ट्रम्पेटची, म्हणजे मुख्य वाजवणाऱ्याची, खुर्ची काकांची ती काकांचीच.

मग काका निवृत्त झाले, मुलाचं लग्न झालं आणि घरात सूनबाई आल्या. दातांच्या डॉक्टर. मुलाची नोकरी बाहेरगावी, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे पळायचा, त्यामुळं घरात खरं राज्य सासू, सासरे आणि सून या तिघांचं. काकांची रियाजाची समोरची खोली होती, रस्त्याकडं दार असलेली. तीच दवाखान्याला योग्य ठरली. काका ट्रम्पेट घेऊन मागच्या धुण्याच्या जागेत गेले. काकू म्हणाल्या, आता साबणाला फेसही तालात येईल.

दवाखाना थाटला, पण पेशंट येईनात. सूनबाई पांढरा कोट घालून बसायच्या, खुर्ची पुसायच्या, पुसलेली खुर्ची परत पुसायच्या. काकांना ते बघवेना. एक दिवस ते सरळ आत गेले, त्या लांबलचक खुर्चीत आडवे झाले आणि पेपर वाचत बसले. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "रस्त्यावरनं जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत कुणीतरी आहे." तेव्हापासून रोज सकाळी पेपर तिथंच. सूनबाई हसायच्या, आणि काकांना वाटायचं आपलं एक काम झालं.

नंतर खरंच पेशंट व्हायची वेळ आली. एका अक्रोडानं त्या पुढच्या दाताचा कोपरा उडवला. सूनबाईंनी मनापासून सगळं केलं. आधी पांढऱ्या मातीत तोंडाचा साचा घेतला, मग आतली नस साफ केली, मग दात घासून त्यावर कॅप बसवली, आणि बसवताना इतकी वर्षं पुढं येऊन उभा राहिलेला तो दात हलकेच रांगेत घेतला. शेवटी एक निळा कागद दातांत धरून चावायला लावलं. दात कुठं जास्त टेकला की तिथं निळा डाग उठतो, मग तेवढं घासायचं. "बाबा, लागतंय का कुठं?" सूनबाईंनी विचारलं.

"नाही. काही लागत नाही," काका म्हणाले.

आरशात पाहून काका हसले, आणि हात तोंडावर गेलाच नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी जेवताना मुद्दाम दोन जुने विनोद सांगितले. सूनबाईंनी फोटो काढला. 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडी करून, चौकट घालून, दवाखान्याच्या भिंतीवर लावली. आणि खरं सांगायचं तर दवाखाना चालला तो त्या फोटोवर. लोक आत यायचे, फोटोकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, आमचं भोंगेकाकांसारखं करून द्या.

उपचार चालू होते तोवर ट्रम्पेट बंद होता. दात पक्का झाल्यावर काका बँडच्या तालमीला गेले. तालीम शाळेच्या हॉलमध्ये असते. काकांनी ओठ ओले केले, माउथपीस टेकवला, फुंकलं, आणि प्रेशर कुकरची शिट्टी बिघडल्यावर जसा आवाज येतो तसा आवाज आला. फुस्स. सगळे हसले, काकाही हसले. परत फुंकलं. परत तेच. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

काय झालं असं बँडमास्तरांनी विचारलं. काकांनी माउथपीस उलटा करून घशातून उजेडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "सूर लागत नाही."

बँडमास्तर भला माणूस. म्हणाले, घाई नाही. बागेत बँडसाठी नवा चौथरा बांधून होत आला होता, त्याच्या उद्घाटनाला संथ चालीची एक धून ठरली होती, आणि तिची सुरुवात एकट्या पहिल्या ट्रम्पेटनं होती. तोवर नीट झालं तर छानच. नाही झालं तर दुसरा ट्रम्पेटवाला, जो दिवसा बस चालवतो, तो वाजवेल, आणि काकांसाठी झांजा आहेतच. हे सगळं त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की काकांना घरी येईपर्यंत काही वाटलं नाही. घरी आल्यावर धुण्याच्या जागेत बसून वाटलं.

कारण काका गळती शोधणारा माणूस. कुठं फुटलंय हे त्यांना पहिल्याच फुंकरीला कळलं होतं. इतकी वर्षं माउथपीसची कड त्या पुढं आलेल्या दाताच्या टेकूवर बसत होती. टेकूमुळं शेजारी ओठाला थोडी मोकळी जागा मिळायची, आणि ओठ तिथं थरथरायचा. आता दात रांगेत गेला. कड सपाट बसली, ओठ चिमटला. जो दात आयुष्यभर लपवला, तोच वाजवत होता.

आता हे सांगायचं कुणाला? सूनबाईंना सांगितलं तर त्यांनी हौसेनं केलेल्या पहिल्या मोठ्या कामाला आपल्याच तोंडानं फुली मारल्यासारखं. आणि नाही सांगितलं तर झांजा. काकांनी दोन्हींचा विचार केला आणि ठरवलं की दोष माउथपीसला द्यायचा. तो बिचारा पितळेचा, त्याला काय वाईट वाटणार.

लेथवाला एक जुना मित्र होता. खात्याच्या पंपांना लागणारे बुश, नळाचे सुटे भाग तोच कातून द्यायचा. त्याला सगळे 'अर्धासूत' म्हणत, कारण इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतात, आणि कुठलंही माप सांगितलं की तो म्हणायचा, अर्धा सूत इकडं तिकडं चालेल. काकांनी त्याला घरातूनच फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं, किती प्रयत्न केले पण काही केल्या लागत नाही, अजिबात लागत नाही. आवाज हळू होता, पण भिंत पातळ होती. पलीकडं सूनबाईंनी ते ऐकलं आणि आनंदानं स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं, बघा, बाबा मित्रांनाही सांगताहेत, अजिबात लागत नाही म्हणून. काकूंनी त्या आनंदात गोड काहीतरी केलं. काकांनी ते नव्या दातानं खाल्लं आणि वाढलं तेवढं सगळं संपवलं.

अर्धासूतला ट्रम्पेटमधलं काही कळत नव्हतं, पण गोल वस्तू कुठलीही असो, त्याला तिच्याबद्दल आदर होता. त्यानं वस्तादांचा माउथपीस बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाला, याला हात लावणार नाही, याच्या मापाचे दुसरे करून बघू. पितळ वाया घालवायला नको म्हणून त्यानं पांढऱ्या नायलॉनच्या गजातून एकेक कातायला सुरुवात केली. पहिली वाटी खोल केली. काकांनी फुंकलं तर म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला, आणि शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक बाहेर येऊन रस्ता बघून गेला. मग वाटी उथळ केली. म्हशीचा डास झाला. मग घसा मोठा केला, तर सगळी हवा अशी निघून गेली की काकांना भोवळ आली आणि स्टूलावर बसवून पाणी पाजावं लागलं. घसा बारीक केला तर डोळे बाहेर यायची वेळ. कडा रुंद करून झाल्या, अरुंद करून झाल्या, गोल करून झाल्या, चपट्या करून झाल्या. लेथखाली नायलॉनच्या पांढऱ्या सुरळ्यांचा ढीग साचला, जणू म्हातारीचे केस विंचरून झालेत. काका रोज तिथं, आणि घरी सांगायचे, पाय मोकळे करून आलो.

शेवटी अर्धासूतनं लेथ बंद केला. म्हणाला, जुना माउथपीस इतकी वर्षं वाजला. पितळ काही रात्रीतून लहानमोठं होत नाही. तो बदलला नाही तर मग काय बदललं? काका म्हणाले, हवामान. अर्धासूतनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "थोबाड बदललंय तुझं. हस जरा." काका हसले. आणि मग सगळं बोलून मोकळे झाले, वर शपथही घातली, सूनबाईंना कळता कामा नये.

अर्धासूतनं शपथ घेतली. पण आता कुठं दुरुस्ती करायची हे कळलं होतं, आणि त्याला माप हवं होतं. जुना दात किती पुढं होता? काकांनी बोटं चिमटीत धरून दाखवलं, एवढा. अर्धासूत म्हणाला, एवढा म्हणजे अर्धा सूत की पाव सूत, दातात अर्धा सूत इकडं तिकडं नाही चालत. हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग काका म्हणाले, दवाखान्याच्या कपाटात माझ्या जुन्या तोंडाचा साचा आहे.

ह्यातून जी योजना निघाली ती या दोघांनाच सुचू शकते. अर्धासूतनं दाढदुखीचं सोंग घेऊन दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टरांची पाठ वळली की साचा पिशवीत घालायचा. अर्धासूत गालाला हात लावून गेला. सूनबाईंनी त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आणि म्हणाल्या, काका, बरं झालं आलात, ही दाढ आतून पोखरलीय, आत्ताच साफ करते. दाढ खरंच किडली आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. दुखायचं, पण तो ते लेथच्या आवाजावर ढकलायचा. आता मशीन सुरू झालं. ते आपल्याच ड्रिलच्या जातीचं आहे हे त्याला आवाजावरून कळलं, आणि ते आपल्या तोंडात येतंय हेही कळलं. शपथ तिथंच संपली. तोंडात कापूस असताना जेवढं बोलता येतं तेवढ्यात त्यानं सगळं सांगून टाकलं. सूनबाईंना पहिल्यांदा नीट समजलं नाही म्हणून त्यांनी कापूस काढला, आणि त्यानं परत सांगितलं.

काका संध्याकाळी फिरून आले तर दवाखान्याच्या भिंतीवर नुसता खिळा.

सूनबाई आपल्याच खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मांडीवर तो फोटो, शेजारी तोंडाचा साचा. अर्धासूत गाल धरून कोपऱ्यात, आता खरोखर. काकांना काय झालं ते सांगावं लागलं नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, लागत नाही," सूनबाई म्हणाल्या.

"अगं, तेव्हा लागत नव्हतं."

"आणि आता?"

"आता तर काहीच लागत नाही. तोच तर घोळ आहे."

सूनबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. फोनवरचं बोलणं, सासूबाईंनी केलेलं गोड, सगळं त्यांना आठवलं असावं. त्या म्हणाल्या, उद्याच कॅप काढते, नवी बनवते, पूर्वी होता तसाच वाकडा दात बसवून देते. असं कुणी मागून घेत नाही, पण मी देते. तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाबा. मी काय परकी आहे?

काकांनी आधी त्यांच्या मांडीवरून फोटो उचलला आणि खिळ्यावर परत लावला. थोडा तिरका लागला, तो सरळ केला.

"दात राहू दे," ते म्हणाले. "दाताला हात लावायचा नाही. तुझ्या सासूला विचार. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हसताना कसा दिसतो हे तिनं आत्ता पाहिलं. म्हणाली, बरा दिसतोस की रे. तिनं मला असलं काही पहिल्यांदाच म्हटलंय." मग म्हणाले, "आणि खुर्चीत नुसता पेपर वाचत पडायचो ना, ते तुझ्यासाठी नाही. निवृत्तीनंतर रोज सकाळी कुठं जायचं हे मला कळत नव्हतं. तू जागा दिलीस. तुला काय सांगणार मी, माझा सूर घालवलास म्हणून?"

सूनबाईंनी कोटाच्या बाहीनं नाक पुसलं, जे डॉक्टरनं करू नये. मग साचा उचलून दिव्याखाली धरला आणि अर्धासूतला विचारलं, "काका, तुमच्याकडं ती नायलॉनची कड आहे का एखादी?"

अर्धासूतच्या खिशात होत्याच. काकांच्या साच्यातला जुना दात आणि काकांच्या तोंडातला नवा दात यांतलं अंतर सूनबाईंनी आपल्या बारीक पट्टीनं मोजलं. अर्धासूतनं ते आपल्या मापात बसवून पाहिलं. पाव सुताहून कमी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि दोघांना एकच गोष्ट सुचली. दातातला वाकडेपणा गेला तर जाऊ दे. तो कडेत घालू. कडेच्या एका बाजूला, जिथं तो दात टेकू द्यायचा तिथं, तेवढंच कुबड ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात जे चाललं ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या पेशंटना दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आत काका खुर्चीत, ट्रम्पेट हातात. सूनबाई कुबड ठेवून कातलेल्या नायलॉनच्या कडेवर निळा कागद लावायच्या, काका ओठ टेकवायचे, आणि उठलेला डाग बघून अर्धासूत कानशीनं तिथं घासायचा. "कुठं लागतंय?" डावीकडं. घासलं. "आता?" वर. घासलं. मधूनमधून काका फुंकायचे. बंद दाराआडून आधी कानस घासल्याचा आवाज, मग डॉक्टरीणबाईंचं 'लागतंय का?', आणि मग एक लांब, भयाण हंबरडा. बाकावरचा पहिला पेशंट घड्याळ बघून उठला. दुसऱ्याला एकदम बरं वाटायला लागलं. तिसऱ्या बाई हिमतीच्या, त्या चपलेत पाय घालून दारापाशी थांबल्या, आणखी एक हंबरडा ऐकला आणि मग गेल्या. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या तर बाक रिकामा. त्यांनी पेशंटांचे कप दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवले आणि स्वतः एक पीत बसल्या.

आणि मग सूर लागला. एकच, मधला, साधा. भांड्यात पाणी भरताना शेवटी आवाज जसा बदलतो तसा भरून आला. काकांनी तो धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत. सूनबाईंनी हातातला निळा कागद खाली ठेवला. अर्धासूत म्हणाला, पाव सूत.

राहिला प्रश्न वस्तादांच्या माउथपीसचा. नायलॉनच्या कडेखाली नायलॉनची वाटी चालत होती, पण सूर तसा गोड येत नव्हता. वाटी आणि घसा वस्तादांचाच हवा, कड नवी हवी. म्हणजे जुना माउथपीस वाटीच्या वरून कापायचा, त्याला आटे पाडायचे आणि नवी पितळी कड झाकणासारखी फिरवून बसवायची. अर्धासूतनं तो लेथच्या जबड्यात बसवला आणि हात मागं घेतला. म्हणाला, तू म्हण, मग लावतो. काकांना वस्ताद आठवले. ते असते तर काय म्हणाले असते, याचा विचार केला. बहुधा एक सणसणीत शिवी दिली असती आणि म्हणाले असते, वाटी जप म्हटलं होतं, कड जप म्हटलं नव्हतं. काका म्हणाले, लाव. पितळेची पिवळी बारीक तार उलगडत बाहेर आली, आणि कड टचकन सुटून तळहातावर पडली. गरम होती. काकांनी ती हातात धरूनच ठेवली.

नवी कड पितळेची झाली, कुबडासकट. वर कुठली बाजू यायची हे कळावं म्हणून अर्धासूतनं तिच्यावर एक ठिपका मारला. सूनबाईंनी बजावलं, नुसतं पितळ ओठाला लावू देणार नाही, हिरवं चढतं आणि खाज सुटते. मग मुलामा देणाऱ्याकडून तिला चांदीचा मुलामा दिला. बाकी सगळं पिवळं आणि कड तेवढी पांढरी. काकू म्हणाल्या, हा पण कॅप बसवून आला वाटतं.

चौथऱ्याच्या उद्घाटनाला बाग भरली होती. काकांनी ठिपका वर आहे ना हे पाहिलं, परत पाहिलं, आणि धून सुरू केली. आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वी त्याला धार होती, आता तो जरा रुंद आणि मऊ झाला होता, आणि अगदी वरच्या सुरांना काका हात घालणार नाहीत हे तालमीतच ठरलं होतं. ते बसड्रायव्हरनं घेतले, आणि झकास घेतले. पण सुरुवातीची ती एकट्याची ओळ काकांची होती, आणि ती बागेच्या टोकाला फाटकापाशी फुगे विकणाऱ्यापर्यंत पोचली. सूनबाई पहिल्या रांगेत होत्या. लोक धून ऐकत होते, त्या काकांच्या वरच्या ओठाकडं टक लावून बघत होत्या.

नंतर बँडमास्तरांनी काकांचा हात हातात घेऊन विचारलं, हा आवाज कुठून आणलात. काकांनी अर्धासूतला ओढत पुढं आणलं, सूनबाईंना हाक मारली, आणि सांगितलं, "वाटी वस्तादांची, कड याची, दात आमच्या सूनबाईंचा. माझी नुसती हवा." अर्धासूत लाजून म्हणाला, अर्धा सूत इकडं तिकडं. सूनबाईंनी खाली वाकून काकांचा ट्रम्पेट पेटीत ठेवायला घेतला, आणि माउथपीस मात्र स्वतःच्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला, जणू तो आता दवाखान्याच्या हत्यारांपैकीच एक.

दवाखाना पूर्वीसारखा भरला आहे. काका सकाळी पेपर घेऊन जातात, पण खुर्ची रिकामी नसते, म्हणून बाहेरच्या बाकावर बसतात आणि आतलं ऐकतात. सूनबाई हल्ली कुणाच्याही दाताला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारतात: तोंडानं काही वाजवता का? लोक बुचकळ्यात पडतात. एका हवालदारानं प्रामाणिकपणे शिट्टी सांगितली, आणि सूनबाईंनी त्याला ती वाजवूनच दाखवायला लावली. एक बाई म्हणाल्या, वाजवते की, सासूचे बारा. परवा एक मुलगी आली होती, दातांना तार बसवायला, अगदी हळू आवाजात बोलणारी. प्रश्न ऐकून ती आणखीच हळू म्हणाली, बासरी, पण घरी कुणाला माहीत नाही. आतून हत्यारांचा ट्रे बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग सूनबाई म्हणाल्या, "मग आधी बासरी घेऊन ये. तारेचं नंतर बघू."

बाहेर बाकावर काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि ती मुलगी बाहेर आल्यावर तिला बसायला जागा करून दिली.